पिवळी राहिलेली पट्टी

अप्पा, मलाही साखर निघाली. तुमची निघाली तेव्हा तुम्ही जेवढे होता त्याहून मी आता कितीतरी म्हातारी आहे, त्यामुळे घरात कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही, मलाही नाही. मुलानं बोट टोचून रक्त तपासायचं यंत्र आणून दिलं आणि त्याबरोबर पट्ट्यांची एक बाटली. सून त्यावरची सूचना मोठ्यानं वाचत होती. पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावा, दमट हवा लागली तर पट्टी निकामी होते. मी गहू निवडत होते. हात ताटावरच थांबला. आपल्या देवघराचा कोनाडा डोळ्यांपुढं आला आणि त्यात लिंगापुढं उघडी ठेवलेली ती तपकिरी बाटली.

तेव्हा मी मॅट्रिक होऊन घरात बसले होते. घरखर्चाचा हिशोब आणि तुमची नळी ही दोन कामं माझ्याकडं होती. सकाळी निळ्या औषधात तुमच्या लघवीचे थेंब टाकायचे, चिमट्यात नळी धरून स्टोव्हवर उकळायची. निळीच राहिली तर बरं, हिरवी झाली तर जपायचं, आणि विटकरी झाली की अव्वा तुमच्या ताटातला भात कमी करायची. तुम्ही पुन्हा हात पुढं केलात की "साकु" म्हणायची, पुरे. गुळाच्या अडत्याला साखरेचा आजार, म्हणून बाजारातल्या लोकांना गंमत वाटे. "अप्पा, ढेपेनं सूड घेतला की तुमच्यावर!" तुम्हीही हसायचात. पण खडा जिभेवर ठेवल्याशिवाय कधी भाव न बोललेले तुम्ही आता हमालाला चाखायला लावून त्याच्या तोंडाकडं बघत उभे राहायचात. मी डबा घेऊन दुकानात आले की ते दिसायचं आणि मी डबा ठेवून लगेच निघायची.

मग होटगी रस्त्यावरच्या शेडमध्ये ती कंपनी निघाली. मुंबईला शिकून आलेल्या एका तरुणाची. उकळायचं काही नाही, नळी नको, जाळ नको. कागदाची पट्टी लघवीत नुसती बुडवायची. टोक पिवळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर आहे. दुकानामागची जागा घ्यायला ठेवलेले पैसे तुम्ही त्या कंपनीच्या शेअरमध्ये घातलेत. श्रावण लागताना शेअर घेणाऱ्या प्रत्येकाला एकेक बाटली मिळाली. नवी वस्तू आधी देवापुढं जायची, तशी तीही गेली. तिच्यासोबतचा इंग्रजी कागद घडी करून तिच्याखाली आसनासारखा घातला. अव्वा झाकण लावायला गेली तर तुम्ही रागावलात, "देवापुढं झाकलेलं ठेवतात व्हय? नैवेद्यावर कधी झाकण बघितलंस?" सगळा श्रावण ती तशीच उघडी राहिली. बाहेर झड, आत रोजच्या अभिषेकाचं पाणी.

श्रावण संपल्यावर तुम्ही पहिली पट्टी बुडवलीत. पिवळी. दुसऱ्या दिवशी पिवळी, तिसऱ्या दिवशीही. "देवानं ऐकलं," म्हणत तुम्ही नळी माळ्यावर टाकायला सांगितलीत आणि त्याच दिवशी दुकानात ढेप फोडून खडा स्वतः तोंडात टाकलात. मी डबा घेऊन दारात उभी आहे. तुम्ही डोळे मिटून चघळताय, हमाल टाळ्या वाजवतोय. एवढा आनंद तुमच्या चेहऱ्यावर मी आधी पाहिला नव्हता. नंतरही नाही.

बाजारात शेअर चढायला लागले. कुणी म्हणे दिल्लीहून मागणी येणार, कुणी म्हणे परदेशी कंपनी सगळं विकत घेणार. शेडमध्ये काय चाललंय ते आत जाऊन कुणी पाहिलेलं नव्हतं. सगळ्यांनी पाहिलं होतं ते तुमचं गूळ खाणारं तोंड. समोरच्या शिंप्यानं तेवढ्यावर बायकोच्या पाटल्या मोडल्या.

संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत तुम्हाला चप्पल चावली. एवढासा फोड. तो चिघळला, वास यायला लागला, तरी पट्टी पिवळीच. एका दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात आलात, अव्वा झोपली होती. तांब्यात गुळाचा खडा विरघळवलात आणि त्यात पट्टी बुडवलीत. मी चुलीपाशी होते. आपण दोघंही तिच्याकडं बघत राहिलो. गुळाच्या पाण्यात पट्टी पिवळीच राहिली. तुम्ही ती पुसून खिशात ठेवलीत आणि लंगडत दुकानाकडं गेलात. मी जेवणाचा डबा घेऊन मागोमाग आले.

शिंपी पायरीवरच बसला होता. "अप्पा, माझे शेअर ठेवू का विकू?"

"विक. आजच विक."

तो मांडीवर थाप मारून हसला. "वा अप्पा! आमी काय काल आलोय बाजारात? अडत्या विक म्हणाला म्हंजे त्याला सोताला घ्यायचंय."

"खरं सांगतोय मी."

"तेच की! गुळाचं बी असंच खरं सांगता तुमी."

संध्याकाळपर्यंत पेठेत झालं होतं की अप्पा गुपचूप शेअर गोळा करतायत. भाव आणखी चढला. रात्री जेवताना अव्वा म्हणाली, "मग आपले तरी विकून टाका की." तुम्ही म्हणालात, "वर चांगली ढेप लावून खालची कुजकी विकू काय?" विकले नाहीत. पण पट्टी खोटी निघाली, हे एवढं एक वाक्य तुम्ही शिंप्यालाही सांगितलं नाहीत, डॉक्टरांनाही नाही. का, हे मी तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळदा विचारलं आहे. इतके महिने भर बाजारात पट्टी नाचवल्यावर ते वाक्य तोंडातून निघत नसेल.

शेवटी डॉक्टरांनी त्यांच्याकडची नळी उकळली. विटेसारखी झाली. पाय घोट्याच्या वर कापावा लागला. उन्हाळ्यात शेडला कुलूप लागलं, दिल्लीची मागणी आलीच नव्हती, आणि शेअर रद्दीच्या भावाचे झाले. शिंपी दवाखान्यात आला, बसला नाही. तुम्ही म्हणालात, "मी विक म्हटलं होतं रे." तो म्हणाला, "व्हय अप्पा. पण तुमी गूळ खात होता की." तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. पुढच्या श्रावणाच्या आत तुम्ही गेलात.

कंपनीनं फसवलं, असंच तुम्ही शेवटपर्यंत धरून होता. त्या दिवशी सुनेनं वाचून दाखवलं तेव्हा वाटलं, पट्टी कदाचित चांगलीच असेल, आपण ती महिनाभर ओलीत ठेवली. त्या कंपनीवाल्या पोराला आपण उगाच शिव्या दिल्या असतील. देवाला मी दोष देत नाही. त्यानं कुठं सांगितलं होतं झाकण काढा म्हणून? अजून मी नैवेद्यावर झाकण घालत नाही, पट्ट्यांची बाटली मात्र घट्ट झाकून कपाटात असते. हे तुम्हाला कळवावं म्हणून बसले, आणि लिहिता लिहिता वाटायला लागलं की न कळलेलंच बरं. चुलीत टाकायला आता चूलही नाही, तेव्हा हा कागद गव्हाच्या डब्यात तळाशी राहील.

एक सांगते. सकाळी यंत्रात आकडा वाईट आला की मी सुनेला म्हणते, यंत्र बिघडलंय, पुन्हा बघ. चांगला आला की तसं कधीच म्हणत नाही.