दक्षिणेकडचा मजला

१२ ऑक्टोबर

शेजारचा बेनिग्नो वरचा मजला चढवतोय. बरोबर आमच्या दक्षिणेला! मातीच्या विटा येऊन पडल्यासुद्धा. मला विचारणं दूरच राहिलं, साधं सांगितलंही नाही. माझा नवरा ओनोफ्रे जाऊन सव्वा वर्ष झालं नाही तोच त्याच्या या चुलतभावाला पंख फुटले.

कुंपणापाशी गाठला. माझ्या छतावरच्या सोलर पॅनेलवर सावली पडेल, त्याचं काय? माझ्याकडे न बघता म्हणाला, "मुलगा-सून यायचीत राहायला. जागा नको का, वहिनी?"

१९ ऑक्टोबर

आमच्या वळणापर्यंत विजेची तार कधी आलीच नाही. बेनिग्नो जनरेटर फटफटवतो. माझं सगळं अकरा पॅनेलवर – विहिरीचा पंप, फ्रीज, दिवे. हिवाळ्यात सूर्य खालून जातो. मजला झाला की भर दुपारी सावली. म्हणजे पाणी नाही. म्हणजे अल्बुकर्कीला लेकीकडे, रामोनाच्या तिसऱ्या मजल्यावरून पार्किंग बघत मरायचं. ती दर रविवारी फोनवर तेच दळण दळते – "आई, हट्ट सोड आता."

घर सोडणार नाही. इथंच लग्न होऊन आले, इथूनच जाईन.

२७ ऑक्टोबर

आमच्याकडे उन्हाचा कायदा पाटाच्या पाण्यासारखाच. ज्यानं आधी वापरलं त्याचा हक्क आधीचा. ओनोफ्रे बावीस वर्षं पाटाचा मुकादम होता, मला कोण शिकवणार? पॅनेलं नऊ वर्षांची, बेनिग्नोच्या विटा पंधरा दिवसांच्या. तोंडावर ऐकवलं त्याला.

"उन्हाचा हक्क काउंटीच्या सरकारी कचेरीत नोंदवावा लागतो, वहिनी. कागद बघून घ्या एकदा."

निर्लज्ज. ओनोफ्रेनं जन्मात एक कागद अर्धवट ठेवला नाही.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. थडग्यावर फुलं घेऊन गेले तर बेनिग्नो आधीच गवत काढून गेलेला. ढोंगी मेला.

४ नोव्हेंबर

भिंत खिडकीपर्यंत आली. त्याची बायको पोसोलेच्या, मक्या-मटणाच्या रश्श्याचं भांडं घेऊन आली होती. दार उघडलं नाही.

९ नोव्हेंबर

काउंटीच्या कचेरीत गेले. खिडकीतली मुलगी म्हणाली, "नोंद आहे की, आजी. नऊ वर्षांपूर्वीची." मी पर्स मिटून उठलेच.

"थांबा. पुढचाही एक कागद आहे."

गेल्या वर्षीच्या जूनमधला. ओनोफ्रे जुलैत गेला. त्यानं आमचा उन्हाचा हक्क बेनिग्नोच्या नावे करून दिलाय. फुकट! खाली दोन सह्या. दुसरी माझी. इस्पितळात रोजच कागद यायचे, तो बोट ठेवील तिथं मी सही करत होते. चष्मासुद्धा लावला नव्हता.

परत येताना गाडी दोनदा थांबवावी लागली.

१० नोव्हेंबर

बेनिग्नोला त्याच्या अंगणात गाठून विचारलं. म्हणाला, "त्यानंच बोलावून घेतलं मला. म्हणाला, ही एकटी इथं हिवाळा काढायला जाईल आणि एक दिवस विहिरीपाशी पडून राहील. सांगून ऐकायची नाही. तू मजला चढव, म्हणजे जाईल लेकीकडे. शपथ घातली त्यानं, वहिनी."

रामोनाला ठाऊक आहे का, म्हटलं.

"कागद तिनंच लिहून आणला होता."