गोळी गिळल्याची साक्ष

पालम, ता. ४ ऑगस्ट २०२४

चि. सुकेशनीस, आईचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

आमी खुशाल हाव. फोनवर बोलावं तर तुझे बाबा शेजारीच बसतेत, म्हणून हे पत्र. हातापायाला मुंग्या येतेत म्हणून इथल्या डॉक्टरनं दिलेल्या बी-ट्वेल्वच्या गोळ्या चार महिने झाले घ्यायलेय, पण गुण न्हाई. बाबा म्हणतेत, तू गोळ्या फेकून देतीस. मागं एकदा मी खोकल्याचं औषध मोरीत ओतलं होतं, ते त्यांनी धरून ठेवलंय. शाळेत जंताच्या गोळ्या दिल्यावर पोरांची तोंडं उघडून बघायचे ना, तसं रोज मला आ करायला लावतेत. मास्तर रिटायर झाले, पण वर्ग घरात भरवायलेत.

हसू येतं गं, पण इतक्या वर्षांच्या संसारात खोटी ठरले, याचं लय वाईट वाटतं. वाकळ शिवताना सुई बोटात गेलेली पण कळंना. एकदा परभणीला नेऊन दाखव. आईवर जीव असू दे.

तुझी आई, सुलाबाई

परभणी, ता. २१ ऑगस्ट २०२४

ती. आईस, सुकेशनीचा सविनय जयभीम.

तुझे रक्ताचे रिपोर्ट आले. आई, तू खरं बोलत होतीस. जठराच्या अस्तरातून एक पदार्थ सुटतो. तू बाबांचा हात धरल्याशिवाय रस्ता ओलांडत नाहीस, तसं बी-ट्वेल्वही त्या पदार्थाला धरूनच पुढे आतड्यातून रक्तात जातं. तुझ्या जठरात तो पदार्थच तयार होत नाही. गोळी गिळलीस तरी अंगी लागली नाही. आता इंजेक्शनं घ्यायची. मी नर्स असून आधी सुचलं नाही, याची लाज वाटते.

हे पत्र बाबांनाच मोठ्यानं वाचायला सांग. दोघांची माया अशीच राहो.

तुझी सुकेशनी

पालम, ता. २० नोव्हेंबर २०२४

चि. सुकेशनीस, आईचा जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांनी मोठ्यानं वाचलं, मग एकदा मनात. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर माझ्यापुढं बसून स्वतःच आ केला. मी म्हणलं, मिटा आता, दात मोजून झाले. इंजेक्शनला तेच घेऊन जातेत. सवड काढून ये, वाट बघतेय.

तुझी आई

ता.क. काल शिवताना सुई टोचली. लय दुखलं, अन् मी हसायला लागले. बाबांना म्हणलं, आज कळलं बघा टोचलेलं. त्यांनी बोट न बघताच खरं मानलं.