आईची हिरवी साडी

डिमोना, इस्रायल, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९६३

बेर्शेबाच्या बाजारातून आणलेल्या जुन्या दिव्याचा दांडा घासून रंगवला. शेडला कापड नव्हतं, म्हणून आईने लग्नात दिलेली हिरवी साडी कापून तारांवर शिवली. तेव्हा हात थांबला नाही, आता चैन पडत नाही. फॅक्टरीत जाणारी मी, ती साडी नेसणार तरी कधी?

हे कामावरून आले, दिवा लावून बघत राहिले. म्हणाले, "छान झालाय गं. पण आईंना कळवणार आहेस का?"

आई मुंबईहून दर पत्रात विचारते, साडी नेसतेस ना? मी दर वेळी हो लिहिते. का लिहीत आले?

शेवटी पत्र घेऊन बसले. लिहिलं, "आई, ती साडी मी इथे एकदाही नेसले नाही."

पुढचं सुचेना. पण लिहिलेलं खोडलं नाही.