एकाच तोबऱ्यातले हरभरे

शेंडी, भंडारदरा
८ जानेवारी २०२५

ती. आप्पांस,
धाकटा बंधू सहादेव याचा शि. सा. न. वि. वि.

मोबाईलवर माझं अर्धं बोलणं तुम्हाला ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानेच भरता, म्हणून कागद घेऊन बसलो. मोती घोड्याचं काही ठीक नाही. तुमच्याकडे महिनाभर वराती करून डिसेंबरात परत आला तेव्हा बरा होता. आता दहा दिवस खोकतोय आणि एका नाकपुडीतून चिकट पिवळं वाहतंय. धरणावरचे पर्यटक बसायचं सोडाच, फोटोलाही जवळ येत नाहीत. राहीबाई दोन वेळा त्याला निलगिरीचा वाफारा देते. नवऱ्याच्या सर्दीला तिने कधी एवढं केलं नाही.

सरकारी डॉक्टरांनी रक्त तपासायला नेलंय. तुमच्या शेवंता घोडीला असं काही आहे का? असलं तर लगेच कळवा.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच राहू द्या.

तुमचा,
सहादेव

बेलापूर
१४ जानेवारी २०२५

चि. सहादेव यास,
आप्पाचे अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पाकिटात घातला आहे. चुरा झाला तर पोस्टमनशी भांड, माझ्याशी नको.

घरजावई होऊन डोंगरात गेलास. तिथला गारठा तुला मानवला, घोड्याला नाही, एवढंच आहे. शेवंता ठणठणीत आहे. परवाच गावात लोक म्हणत होते, आप्पाची घोडी लई चकाकती. माझ्या दारात मोतीला काय कमी होतं? आला त्याच दिवशी वडिलांच्या रिवाजाप्रमाणे दोघांना एकाच तोबऱ्यातून हरभरे चारले. आधी तिच्या तोंडाला बांधला, मग तसाच त्याच्या. एका तोबऱ्यात खाल्लेली जनावरं बँडपुढे एकमेकांना लाथ मारत नाहीत. पुढे महिनाभर तोच तोबरा चालला आणि एकदाही भांडण नाही.

सुंठ-गूळ दे, उतरेल. आणि डॉक्टरांपुढे बेलापूरचं नाव काढू नकोस. माघात अकरा वराती ठरल्या आहेत. आजारी घोड्याशी नाव जोडलं गेलं तर तिच्यावर नवरदेव कोण बसवील?

राहीबाईस आशीर्वाद. थोरल्याचं ऐकत जा.

आप्पासाहेब

शेंडी
१ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांस, सा. न.

मोती गेला.

ग्लँडर्स म्हणून रोग आहे. फुप्फुसात शिरतो. एकाच्या नाकातलं दुसऱ्याच्या दाण्यापाण्यात गेलं की त्यालाही होतो, माणसालाही होऊ शकतो. घोड्यावर उपचार करायला परवानगी नाही, कायद्याने त्याला मारावंच लागतं. मला खरंच वाटेना. उभा, खाता-पिता घोडा एका कागदावरून मारतात का? काल सकाळी पांढऱ्या पोशाखात, तोंड झाकून चौघे आले. मोती त्यांच्या खिशापाशी नाक नेऊन गूळ शोधत होता. सुई टोचल्यावर आधी गुडघ्यावर आला, मग आडवा झाला. खोल खड्डा, चुना. खोगीर, लगाम सगळं जाळलं. मी नुसता बघत उभा होतो, रडूसुद्धा आलं नाही.

राहीबाईला चार दिवस ताप आहे. तिचंही रक्त नेलंय.

घोडा बाहेरगावी गेला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. तुमच्या शब्दावर मी लिहून दिलं, कुठेच नाही. खाली सही केली.

शेवंताला जपा.

सहादेव

बेलापूर
५ फेब्रुवारी २०२५

चि. सहादेव,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

शेवंताच्या मागच्या पायाला दसऱ्यापासून गाठी आहेत. एक भरते, एक फुटते. मी हळद-तेल लावून वरून घुंगरांचा पट्टा बांधायचो. नाकातून यायचं ते वरातीआधी फडक्याने पुसायचो. मोती येण्याच्या महिनाभर आधीपासून हे चाललं होतं. पट्टा घासला असेल, धुळीची सर्दी असेल असं वाटलं. खरं सांगायचं तर तसं वाटून घेतलं. तुझा घोडा धडधाकट आला होता. रोग त्याला माझ्या दारात लागला, माझ्या हाताने.

आज स्वतः दवाखान्यात जाऊन सगळं सांगितलं. डॉक्टरांनी येऊन तिचा पाय पाहिला. तिचं रक्त नेलंय, आम्हा नवरा-बायकोचंही. तूही तिथे खरं सांगून टाक. राहीबाईचं काय ते आधी कळव. मला झोप नाही.

तुझा अपराधी,
आप्पा

शेंडी
२६ फेब्रुवारी २०२५

ती. आप्पांस, नमस्कार.

राहीबाईच्या रक्तात काही निघालं नाही, ताप उतरला. मी लिहून दिलेलं खोटं दुरुस्त केलं. शेवंतालाही तसंच मारावं लागलं, ते डॉक्टरांकडून समजलं. तुमचं दोघांचं रक्तही चांगलं निघालं, ऐकून बरं वाटलं.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. मोतीला रोग लागला याचा राग नाही. जनावराच्या पोटात काय आहे, ते माणसाला कळत नाही. पण मी तुम्हाला विचारलं होतं. तुमचं उत्तर आलं त्या दिवशी राहीबाई म्हणाली, मला त्याच्या श्वासाची भीती वाटती, आज वाफारा न्हाई देत. मी तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं, शेवंता ठणठणीत आहे म्हणून, आणि मीच तिला त्याच्याजवळ पाठवलं.

लोभ तुटत नाही, तुटणारही नाही. पण सध्या पत्र पाठवू नका. तुमचं अक्षर पाहिलं की ती पदराने नाक झाकते.

सहादेव