आत्या गाडीत बसल्या की शून्य

मामा, आज सोमवार. उपास सोडायला अजून अवकाश आहे, म्हणून ओट्याशी कागद घेऊन बसले आहे. सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणायची आपल्याकडची रीत, पण मला तुमच्यात सासरा कधी दिसलाच नाही. दिसायचे ते दुधाच्या टेम्पोत शेजारी बसून ओरडणारे मास्तर. दुपारची भांडी घासून झाली की तुम्ही मला ऊस तुटलेल्या रानात न्यायचात. आत्या ओसरीवरून म्हणायच्या, "सुनेला काय डायवर करायचीय का?" आणि तुम्ही म्हणायचात, "व्हय, करायचीय." बांध जवळ आला की मी बांधाकडंच बघत राहायचे आणि टेम्पो नेमका तिकडंच जायचा. "जिथं जायाचं तिथं बघ की! बांध काय आज नवा बघतीस?" त्या ओरडण्याचा तेव्हा राग यायचा. काल दौंडकडच्या मैदानावर तेच ओरडणं कानात घेऊन मी गाडी पळवली, मामा! तुमच्या सुनेनं, पदर खोचून, डोक्याला हेल्मेट घालून.

तुम्हाला हा खेळ ठाऊक नाही. मोकळ्या मैदानावर रस्त्यावर ठेवतात तसले लाल शंकू मांडतात. एका वेळी एकच गाडी सोडतात. शंकूंमधून वळसे घेत जायचं आणि घड्याळ लावलेलं असतं. शंकू पाडला की वेळेत दंड धरतात. रोजच्या वापरातली गाडी चालते आणि बायकांचा गट वेगळा असतो. मागच्या वेळी मी आपली पांढरी गाडी होती तशीच नेली. वळणावर स्टेअरिंग फिरवलं तरी तोंड वळेना, गाडी सरळच घसरायची. घरी येऊन बघते तर पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा किसणीवर धरल्यासारख्या. जुन्या साडीची दुपटी करणारी बाई मी, त्या कडांवरून कितीदा तरी बोट फिरवलं. यांनी नवे टायर घालतानाच सांगून टाकलं, "आईची दवाखान्याची फेरी आडली, न्हाईतर परत टायर खाल्लं, की हा खेळ बंद." यांचं चूक नव्हतं. आत्यांना डायलिसिसला आठवड्यातून दोनदा दौंडला न्यावं लागतं, वडगाव रासाईहून नदीचा पूल ओलांडून, आणि घरात गाडी एवढी एकच. ती सरळ चालली पाहिजे, आत्यांना झोप लागली पाहिजे, आणि तीच गाडी शंकूंमधून मासोळीसारखी वळलीही पाहिजे. देवाजवळ दिवा लावताना मी हेच मागत होते. मागताना लाज वाटायची, देवाला चाकाचं काय सांगायचं म्हणून. तरी मागितलंच.

गेल्या गुरुवारी दवाखान्यातून परतताना गाडी थेट यवतला, चाकांच्या अलाइनमेंटला घातली. आत्या मागच्या सीटवर डाव्या बाजूला, उशी घेऊन. अलाइनमेंटवाल्यानं विचारलं, "काकू, गाडी रोजची का शर्यतीची?" मी म्हटलं, "दोन्ही." तो हसला. मग त्यानं नीट समजावलं. वळताना गाडी बाहेर कलते आणि सगळा भार टायरच्या बाहेरच्या कडेवर येतो. म्हणून चाक वरच्या बाजूनं थोडं आत झुकवायचं, त्याला कॅम्बर म्हणतात. फार झुकवलं तर सरळ रस्त्यावर आतली कड झिजते. दुसरा टो, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडं वळलेली की बाहेर फाकलेली. जरा फाकवली तर गाडी चटकन वळते, पण हायवेवर भिरभिरते आणि टायर झपाट्यानं खाते. "शर्यतीला तीन डिग्री आत करतो, टो बाहेर काढतो, सोमवारी परत सरळ करून घ्या," तो म्हणाला. म्हणजे दर वेळी खोला आणि बसवा! मी म्हटलं, "दीड डिग्री आत. टो शून्य. आणि मापं माणसं बसवून घ्यायची." तो म्हणाला, "असं कुणी करत न्हाई, काकू. गाडी रिकामी लागती." मी म्हटलं, "रिकामी गाडी आमच्याकडं जातीय कधी? आत्या असतात ना मागं!"

तो आत्यांकडं वळला, "आजी, जरा उतरता का?" आत्या म्हणाल्या, "न्हाई उतरत. पाय दुखत्यात माझं. तुझं काय मोजायचं ते मोज." मी स्टेअरिंगवर, आत्या मागं, आणि गाडी चाकांची मापं घेणाऱ्या यंत्रावर. आसपासचे लोक चहा सोडून बघायला आले. एकजण म्हणाला, "आजीचं पण अलाइनमेंट चाललंय का?" आत्या काचेतून म्हणाल्या, "तुझंच करून घे, तोंड वाकडं हाय तुझं!" मामा, मला स्टेअरिंगवर डोकं टेकून हसू आवरेना. कॅम्बरचे बोल्ट बसले, दोन्हीकडं दीड डिग्री झाली, टो शून्यावर आला. मग आत्यांना चहाची तल्लफ आली आणि त्या आपणहून उतरल्या. त्याबरोबर पडद्यावरचा टोचा आकडा हलला. केसभर, पण बाहेरच्या बाजूला. मी ओरडलेच, "थांबा! हात लावू नका!" अहो, मला हवं होतं ते हेच की! आत्या बसल्या की शून्य, सरळ दवाखान्याची गाडी. उतरल्या की चाकं कणभर फाकतात आणि गाडी खेळाला तयार. दवाखान्याची गाडी आणि खेळाची गाडी, दोन्हींत फरक फक्त आत्यांचा. अलाइनमेंटवाला म्हणाला, "एवढ्याशानं काय कळणार न्हाई, काकू." मी म्हटलं, "मला कळंल."

आणि कळलं, मामा. काल पहिल्या फेरीत एक शंकू आडवा झाला, कारण मी त्याच्याकडंच बघत होते. दुसरीत पुढं बघितलं, शंकूच्या पलीकडं, आणि गाडी माझ्या नजरेमागून आली. तिसऱ्या फेरीला मी हात सैल ठेवते, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलते, गाडीचं तोंड वळतं, आणि शेवटच्या वळशात मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं ओरडते आहे, काय ते मलाही ठाऊक नाही. एकही शंकू हलला नाही.

आज सकाळी तीच गाडी आत्यांना घेऊन दौंडला गेली. सरळ रस्त्यावर स्टेअरिंगवर नुसती बोटं टेकवली होती, गाडी दोरी आखल्यासारखी चालली. पुलाच्या आधीच आत्या घोरायला लागल्या. घरी आल्यावर हे उकिडवे बसले, दोन्ही टायरच्या आतून बाहेरून हात फिरवला. शेजारच्या चुलत दिरांनीही फिरवला. आत्या काठी टेकत आल्या, त्यांनीसुद्धा वाकून बघितलं. हे उठून म्हणाले, "बरं हाय. पुढच्या येळंला जा." एवढं बोलून गुरांकडं गेले. मी तिथंच उभी राहिले, हातात किल्ली.

नंबर काय आला, ते कुणीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. तुम्ही असता तर फाटकातच विचारलं असतंत, म्हणून हा कागद. आता तो घडी करून पिठाच्या डब्याखाली सरकवते, देणार तरी कुणाकडं. पाचजणींत चौथी आले, मामा. आणि जिला मागं टाकलं, तिची गाडी मध्येच बंद पडली होती.