थोटकं वेचणाऱ्यांची कंपनी

आदरणीय फर्स्ट सार्जंट गेन्ससाहेब यांस,

लोरेना एस्कामियाचा कडक सलाम. (बसून लिहिते आहे, पण पाठ ताठ आहे.) गुडघा काय म्हणतो? तुमची मुलगी सांगत होती, डॉक्टरांनी तुमचं मीठ बंद केलं आणि तुम्ही डॉक्टरांकडे जाणं. इकडे सॅन अँटोनियोत सगळं क्षेम. कंपनी जिवंत आहे आणि ती तुमच्यामुळे जिवंत आहे, म्हणून हे पत्र.

वीस वर्षं पलटणीचे रेडिओ नि कॉम्प्युटर सांभाळलेल्या बाईला बाहेर लोकांनी पायघड्या घातल्या असतील, असं तुम्हाला वाटत असेल. कसल्या पायघड्या! पहिल्याच मुलाखतीत विचारलं, पाच वर्षांनी कुठे असाल? मी म्हटलं, "जिथे धाडाल तिथे, सर." नोकरी गेली. (मिळाली नव्हती, तरी गेली.) मग फोनच्या दुकानात लागले. मॅनेजर माझ्या पुतण्याच्या वयाचा. तो समोर आला की माझे हात आपोआप पाठीमागे जायचे आणि नजर भिंतीवर खिळायची. बिचारा इतका बिचकला, की महिनाभरात त्याने केक कापून मला निरोप दिला. शेवटी आपल्याच पलटणीतली चार माणसं गोळा केली, गॅरेजमधलं कपडे धुण्याचं मशीन कोपऱ्यात सरकवलं आणि दारावर पाटी लावली: कॉम्प्युटर सांभाळून मिळतील.

पाटी लागली, पण काम येईना. शेवटची आशा वोंद्राबाईंची. त्यांची कोलाचीची दुकानं गावभर आहेत (जर्दाळू भरलेले ते गोड पाव, ज्यांचा तुम्ही एकदा एकट्याने डबा संपवला होता). त्या दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळायचं कंत्राट हुकलं असतं तर कंपनीला टाळं, आणि आपल्या जाड्या हॉब्जच्या घरी तर नुकतंच बाळ आलेलं. आम्ही ठरल्या वेळेच्या तासभर आधी पोचलो, कारण वेळेवर येणारा उशिरा आला, ही तुमचीच शिकवण. दुकान बंद. तेवढ्यात हॉब्जला गाड्यांच्या आवारात सिगारेटचं एक थोटूक दिसलं. आम्ही हातभर अंतर ठेवून रांग धरली, माना खाली घातल्या आणि लागलो वेचायला: थोटकं, कागद, बाटल्यांची बुचं. (रोज सकाळी तुम्ही हेच करायला लावायचात आणि मागून ओरडायचात, "जो वाकलेला नाही, तो मेलेला समजेन!") मुलाखतीचे कोट, माझ्या उंच टाचा, सगळं धुळीत. मान वर केली तर वोंद्राबाई दारात. "कोण रे तुम्ही? तुरुंगातून आणलंय काय?"

"नाही बाई, कॉम्प्युटरवाले."

आत गेलो आणि आमचाच कॉम्प्युटर सुरू होईना. हॉब्ज घामाघूम. मी मनात कंपनीचं श्राद्ध घालून मोकळी झाले. बाई म्हणाल्या, "राहू दे गं ते खोकं. तुमच्या आधीचे शहाणे माझ्या दारात थोटूक टाकून आत आले. तुम्ही न सांगता उचललंत. माझी यंत्रं तुम्हीच बघा." साहेब, मला तिथेच रडू आलं. पलटणीत त्या रांगेत तुम्हाला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या मी सव्याज परत घेते. हॉब्जच्या बाळाचं दूध तुमच्या ओरडण्यातून आलंय, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

तुमची ऋणी,
लोरेना

ता. क. कंत्राट आज नीट वाचलं. पहिलं कलम: सर्व दुकानांच्या आवाराची रोज सकाळी सफाई. कॉम्प्युटर चौथ्या कलमात आहेत. मी सही केली.

आणखी एक ता. क. पत्राचं खरं कारण हे. अर्नेस्टीनवहिनी गेल्यापासून तुम्ही ओसरीवरच्या खुर्चीतून हलत नाही, फोन उचलत नाही, असं मुलगी सांगते. इथे रांग आहे, पण मागून ओरडणारं कुणी नाही. मी ओरडले तर हे लोक हसतात. या ना साहेब. गुरुवारी हॉब्ज गाडी घेऊन येतोय. तुम्ही नाहीच म्हणणार, म्हणून त्याला बजावलंय, वाद घालायचा नाही. तुमच्या अंगणात एक थोटूक टाकायचं आणि गाडीचं दार उघडून उभं राहायचं. बघू, किती वेळ बसून राहता.