तिसऱ्या खोलीची शाकारणी

दौंड, ता. १६ मे १९७४

तीर्थरूप दादांस कस्तुराचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. वर चि. सौ. लिहून सौ. खोडलंत, ते दिसलं. हे जाऊन वर्ष झालं तरी तुमचा हात विसरत नाही. माझाही नाही. सकाळी चहा अजून दोघांचाच होतो.

इथे रेल्वेचा संप चालू आहे. गाड्यांचा आवाज नाही, त्यामुळे झोप लागत नाही. आपल्या चार खोल्यांपैकी तिसरीत चांगदेव राहतो, लोको शेडमधला खलाशी. तो संपावर आहे आणि पोलीस धरतील म्हणून घरी येत नाही. खोलीत त्याची बायको सोजरा, दोन पोरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू. भाडं आधीच मागे होतं, आता बंदच झालं. मागायला गेले की सोजरा आधी आधण ठेवते. म्हणते, बसा तरी मालकीणबाई, भाडं काय पळून जातंय व्हय. मला हसू येतं आणि मी चहा पिऊन परत येते. हे गेले तेव्हा दहा दिवस तिनंच मला जेवू घातलं, ते डोळ्यांपुढून जात नाही.

पण या खोल्यांशिवाय मला दुसरा आधार नाही. वाणी आता उधार देत नाही. तुम्ही शिरूरला बाजारात इतक्या खोल्या सांभाळता, मन कसं ठाम ठेवता ते लिहा. वहिनींना नमस्कार. या धाकट्या बहिणीवर लोभ असाच राहू द्या.

तुमची कस्तुरा


शिरूर, ता. २२ मे १९७४

चि. कस्तुरास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, वन्सं भाडं मागायला जातात की पोरगी बघायला.

आता नीट ऐक. हा धंदा ध्यान एका जागी ठेवणाऱ्याचा आहे. भाडेकरूच्या घरचा चहा घ्यायचा नाही. त्याच्या पोरांची नावं विचारायची नाहीत, खोलीला आकडा असतो तोच पुरे. बारसं असो की मयत, आपण उंबऱ्याबाहेर. भाऊजी पहिल्या तारखेला चार दारांत चार कप चहा पीत बसायचे. भला माणूस होता. तू आज वाण्यापुढे हात पसरतेस ती त्या भलेपणाची कमाई आहे. राग मानू नकोस.

कोर्टात जाऊ नको, तिथे म्हातारी होशील. पावसाळा तोंडावर आहे, शाकारणी काढ. तिसरीची कौलं उतरव, खालच्या लाकडी रिपा कुजल्यात म्हणून सांग, आणि परत चढवायची घाई करू नको. बाकीचं ऊन बोलेल. मी दोनदा केलंय, तोंडातून वाकडा शब्द काढावा लागत नाही.

आणि एक कायमचं लक्षात ठेव. ज्याच्या डोक्यावरची कौलं उतरवायला आपला हात धजेल, त्यालाच खोली द्यावी. म्हणून मी नातलगाला कधी दिली नाही. लोभ माझ्यावर ठेव, भाडेकरूवर नको.

तुझा दादा, हौसराव


दौंड, ता. ७ जून १९७४

तीर्थरूप दादांस कस्तुराचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं केलं. कौलं उतरवायला भिमा आला होता. वर चढून तो म्हणाला, बाई, रिपा तर चांगल्या हायेत. मी म्हटलं, उतरव.

संप मिटला, पण चांगदेवला कामावर घेतलं नाही. तो परत आला आणि वासे मोजत बसल्यासारखा वर बघत बसला. सोजरानं म्हातारीच्या तोंडावर ओलं लुगडं धरलं. लुगडं वाळलं की पुन्हा भिजवायची. भांडली नाही. कौलं कवा चढवणार, एवढंच विचारत होती. मी म्हणत होते, भिमाला सवड झाली की.

शेवटच्या दिवशी तिनं अंगणात तीन दगड मांडून चहा केला आणि एक कप माझ्या ओट्यावर आणून ठेवला. मी घेतला नाही. त्यावर साय धरली, मग मुंग्या आल्या.

म्हातारीला हातगाडीवर घालून ती माणसं यवतला सोजराच्या भावाकडे गेली. जाण्याआधी सोजरानं खोली सारवली. थकलेलं भाडं मी सोडलं. दुसऱ्या दिवशी भिमानं कौलं चढवली. एका कॅशिअरनं खोली घेतली आहे, भाडं जास्त आहे. त्याचं नाव मी विचारलं नाही. तुमचा लोभ उपयोगी पडला, तो असू द्या.

तुमची कस्तुरा


शिरूर, ता. ९ फेब्रुवारी १९७५

चि. कस्तुरास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या कॅशिअरची बदली झाली आणि तिसरी खोली रिकामी आहे, असं कळलं. आपल्या बबनच्या नावावर मी सगळ्या खोल्या करून दिल्या, ते तुला ठाऊक आहे. आम्ही राहतो ती खोली त्यानं कापडाच्या दुकानाला दिली. बरोबरच आहे त्याचं, रस्त्यावरची खोली, चांगलं भाडं येतं. मला म्हणाला, आबा, तुम्हीच शिकवलंय. पोरगा हुशार निघाला.

आम्हाला त्यानं महिनाअखेरची मुदत दिली आहे. वहिनीचे गुडघे गेलेत, तिला लांब नेववत नाही. तिसरी खोली आम्हा दोघांना पुरेल. भाड्याचं काय, बहीणभाऊ चहा घेता घेता ठरवू. उलटटपाली लिही. थोरल्या भावाला लोभात ठेव.

तुझा दादा


दौंड, ता. १४ फेब्रुवारी १९७५

तीर्थरूप दादांस नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. मला पौषात आठ दिवस ताप होता. चारही दारं समोर, पण कोणी डोकावलं नाही. त्यांचा दोष नाही, मीच तशी सवय लावली आहे. त्या दिवसांत मी पुष्कळ वाचलं. ह्यांच्या रेल्वे टाइमटेबलावर अक्षरं जुळवत वाचायला शिकले होते, तेच पुन्हा काढलं. तुमचं मे महिन्यातलं पत्रही वाचलं.

तुमचं आताचं पत्र आल्यावर मी तिसऱ्या खोलीत जाऊन बसले. वर बघितलं. खाली तुम्ही आहात, वहिनी गुडघे धरून बसल्या आहेत, असं मनात आणलं. मग भिमाला विचारलं, कौलं उतरवायला किती वेळ लागतो. अर्धा दिवस, म्हणाला. दादा, माझा हात धजेल. मला वाटलं होतं धजणार नाही.

तेव्हा तुमच्या नियमात तुम्ही बसता. खोली तुमची. खुशाल या.

भाडं कॅशिअर देत होते तेवढंच, पाच तारखेच्या आत. चहा घेता घेता ठरवण्यासारखं त्यात काही नाही, आणि तुमच्याकडचा चहा मला चालणार नाही. वहिनींना सांगा, वाटीतून भाजी पाठवू नका, मी वाटी परत पाठवीन. सामान बेतानं आणा, खोली लहान आहे. लोभ शिरूरलाच ठेवून या.

कस्तुराबाई